स्थितिज, गतिज आणि अणुऊर्जा: हिशेब कसा समजून घ्यावा

स्थितिज (साठलेली) आणि गतिज (हालचालीची) ऊर्जेची सूत्रं पाठ असतात, पण अणुऊर्जा यातली कुठली, असं विचारलं की बहुतेक जण अडतात. तिच्यासाठी तिसरा कप्पा लागत नाही. कुठल्याही घटनेला दोनच प्रश्न विचारायचे: कशामुळे काय अडून राहिलंय, आणि सुटल्यावर काय हलतं?

सुरुवात १ लिटर पाण्याच्या बाटलीपासून करा. वजन साधारण १ किलो. ती जमिनीवरून ०.८ मीटर उंच टेबलावर ठेवली की वस्तुमान × ९.८ × उंची, म्हणजे सुमारे ७.८ ज्यूल स्थितिज ऊर्जा जमा झाली. ही ऊर्जा एकट्या बाटलीची नाही, बाटली आणि पृथ्वी या जोडीची आहे. पृथ्वी ओढत नसती तर उचलायला कष्टच पडले नसते.

मग शून्य कुठे धरायचं ते ठरवा. टेबलापासून मोजलं तर उत्तर शून्य, जमिनीपासून ७.८, खालच्या मजल्यापासून आणखी जास्त. तिन्ही बरोबर, कारण कामाचा असतो तो फरक. मात्र गणिताच्या मध्येच शून्य बदलू नका. चुका तिथेच होतात.

आता बाटली पडू द्या (कागदावरच). जमिनीला टेकायच्या क्षणी वेग सेकंदाला जवळपास ४ मीटर. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग: ½ × १ × ४ × ४ = ८. हवेचा विरोध सोडला तर आधीचाच आकडा आला, थोडा फरक वेग पूर्णांकात धरल्याचा. वेगाचा वर्ग विसरू नका. ताशी ४० ऐवजी ८० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते.

ताणलेली स्प्रिंग, इंधनातले रासायनिक बंध यांनाही हेच प्रश्न लागू पडतात.

आता अणूच्या केंद्रकाकडे या. युरेनियम-२३५ च्या केंद्रकात ९२ प्रोटॉन दाटीवाटीने बसलेले असतात. सगळे धनभारित, त्यामुळे एकमेकांना जोरात ढकलतात. त्यांना धरून ठेवतं ते केंद्रकीय बल. ते जबरदस्त असतं, पण त्याचा पल्ला अगदीच तोकडा. न्यूट्रॉन आत शिरला की केंद्रक लांबट होतं, मधे आवळतं आणि तुटतं. दोन तुकडे जरा दूर झाले की धरून ठेवणारं बल संपतं, ढकलणारं उरतं, आणि तुकडे सेकंदाला सुमारे १० हजार किलोमीटर वेगाने सुटतात. १९३८ च्या अखेरीस ऑटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमन यांना प्रयोगात जे सापडलं, त्याचा असा उलगडा लीझ माइटनर आणि ऑटो फ्रिश यांनी केला.

केंद्रक असं तुटणं म्हणजे विखंडन. एका विखंडनातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा मिळते. कार्बनचा एक अणू जळताना मिळतात जेमतेम ४. त्या २० कोटींपैकी पाचातले चार वाटे तरी तुकड्यांच्या गतिज ऊर्जेत असतात. म्हणजे पुन्हा तेच: अडलेलं सुटलं आणि धावलं. वस्तुमान घटतं हेही खरं, सुमारे हजारातला एक भाग. पण दाबलेली स्प्रिंग सुटतानाही ते घटतं, फक्त मोजता येत नाही इतकं कमी.

अणुभट्टीतली ऊर्जेची साखळी स्वतः लावून पाहा. तुकडे इंधनातच, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागात थांबतात. त्यांची गती आजूबाजूच्या अणूंच्या थरथरीत, म्हणजे उष्णतेत वाटली जाते. उष्णतेने वाफ, वाफेने टर्बाइन, टर्बाइनने जनित्र. प्रत्येक टप्प्यावर काय अडलंय, काय हलतंय ते लिहा.

शेवटी स्वतःला एक अवघड प्रश्न घाला: विखंडन थांबवल्यावरही अणुभट्टीत पाणी का फिरवत ठेवावं लागतं? कारण तुकडे थांबले तरी त्यांची केंद्रकं अस्थिर असतात. त्यांच्यात साठा शिल्लक असतो आणि तो किरणोत्सर्गातून हळूहळू बाहेर पडतो. भट्टी बंद केल्याबरोबर ही उष्णता पूर्ण शक्तीच्या ६ ते ७ टक्के असते. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमात भट्ट्या बंद झाल्या होत्या. त्सुनामीने वीजपुरवठा तुटून पंप थांबले आणि याच उरलेल्या उष्णतेने इंधन वितळलं.