नोकरी सांभाळून विज्ञानकथा लिहिणाऱ्याने आठवडा कसा आखावा

मराठीत केवळ विज्ञानकथा लिहून घर चालवता येईल अशी स्थिती नाही, त्यामुळे या प्रकारात लिहिणारे बहुतेक जण दिवसभर महाविद्यालयात शिकवतात, बँकेत किंवा आयटी कंपनीत काम करतात, नाहीतर दवाखाना सांभाळतात आणि उरलेल्या वेळात लिहितात. अशा लेखकाने ‘रोज पाचशे शब्द’ असा नियम घालून घेतला, तर तो पहिल्या पंधरवड्यातच मोडण्याची शक्यता असते, आणि मग नियम मोडल्याची खंत कथेपेक्षा मोठी होऊन बसते. त्याऐवजी हिशेब आठवड्याचा ठेवावा. विज्ञानकथेत लिहिणे आणि तपासणे अशी दोन वेगळी कामे असतात, ती एकाच बैठकीत नीट होत नाहीत, आणि ती दोन्ही सामावून घेणारे सर्वांत लहान माप आठवडा हेच आहे.

सोमवार ते शुक्रवार सकाळी कामावर निघण्यापूर्वीची पाऊण तासाची बैठक फक्त लिहिण्यासाठी राखावी, आणि त्या वेळात इंटरनेट बंद ठेवावे. लोकलच्या किंवा बसच्या प्रवासात लिहिण्याचा हट्ट धरू नये. तिथे संवाद सुचतात, ते मोबाइलवर टिपून ठेवले तरी पुरे. शनिवारी दुपारची एक मोठी बैठक तपासण्याची असावी, आणि रविवारी संध्याकाळी अर्धा तास आठवड्याच्या नोंदीसाठी ठेवावा. घरच्या माणसांना हे वेळापत्रक आधी सांगून ठेवावे, कारण घरात बसलेला माणूस रिकामाच आहे असे सर्वांना वाटत असते.

या आखणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे शंकांची वही. लिहिताना मनात आलेली वैज्ञानिक शंका तिथल्या तिथे सोडवायची नाही. मजकुरात चौकटी कंसात ‘तपासणे’ असे लिहून पुढे जायचे आणि शंका वहीत उतरवायची. पण शंका कोणत्या जातीची आहे हे मात्र त्याच दिवशी ठरवावे लागते, कारण काही शंकांचे उत्तर एखादा आकडा बदलते आणि काहींचे उत्तर सगळी कथाच बदलते. उदाहरणार्थ, मंगळावरच्या वसाहतीत काम करणारी शुभदा नावाची मुलगी जळगावला राहणाऱ्या आईशी दर रविवारी रात्री नऊ वाजता फोनवर बोलते, असे कथेत योजले आहे असे समजू. मंगळाचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या किती पट, ही पहिल्या जातीची शंका आहे; उत्तर सुमारे ०.३८ पट, आणि ते शनिवारी भरले तरी चालते. परंतु आईचा आवाज मंगळापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, ही दुसऱ्या जातीची शंका आहे. दोन्ही ग्रह अगदी जवळ असतील तेव्हा रेडिओ संदेशाला एका बाजूने सुमारे ३ मिनिटे लागतात आणि सर्वांत दूर असतील तेव्हा सुमारे २२ मिनिटे, म्हणजे ‘जेवलीस का?’ या प्रश्नाचे उत्तर यायला सहा ते चव्वेचाळीस मिनिटे जातात. हे लक्षात आल्याबरोबर फोनवरचा संवाद संपतो, आणि त्याच्या जागी ध्वनिमुद्रित निरोपांची, म्हणजे जवळजवळ जुन्या पत्रव्यवहाराची कथा उभी राहते.

याच धाग्याने पुढे गेले की आणखी सामग्री हाती लागते. मंगळाचा सौर दिवस आपल्या दिवसापेक्षा सुमारे चाळीस मिनिटांनी मोठा असतो, त्यामुळे जळगावातली रविवारची रात्रीची नऊची वेळ मंगळावर दर आठवड्याला साडेचार तासांहून अधिक सरकते. आज मुलगी झोपेत असेल, पुढच्या रविवारी कामावर. शिवाय साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा मंगळ पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या पलीकडे जातो आणि तिथल्या यानांना आज्ञा पाठवणे सुमारे दोन आठवडे थांबवावे लागते. या दोन आठवड्यांच्या शांततेत आईच्या घरी काय घडते, हे ठरवणे आता लेखकाचे काम आहे, खगोलशास्त्राचे नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत दुसऱ्या जातीच्या शंका आधी निकालात काढाव्यात आणि पहिल्या जातीच्या निःशंकपणे साचू द्याव्यात.

रविवारची नोंद मोठी असण्याची गरज नाही. किती शब्द झाले, कथेत काय घडले, कोणता निर्णय बदलला, कोणती शंका उघडी आहे आणि सोमवारी कोणत्या वाक्याने सुरुवात करायची, एवढे तिच्यात असावे. वरच्या कथेची नोंद अशी होईल : ‘आठवडा तिसरा. शब्द १,४५०. आईच्या लक्षात आले की मुलगी जुनेच निरोप पुन्हा पाठवते आहे. फोन काढून टाकला. शंका : संपर्क बंद असताना मंगळावरून येणारा संदेश पूर्ण हरवतो की तुटक येतो? सोमवारचे वाक्य : पंधराव्या दिवशी आलेला आवाज शुभदाचा नव्हता.’ शब्दसंख्या नोंदवावी, पण तिला फार मान देऊ नये. ज्या आठवड्यात दोनशेच शब्द झाले पण कथेचा शेवट सापडला, तो आठवडा दोन हजार शब्दांच्या आठवड्यापेक्षा पुढे नेणारा असतो, आणि हे नुसत्या आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही. (हे आकडे समाजमाध्यमांवर रोज जाहीर करण्याची पद्धत अलीकडे रूढ झाली आहे, लिहिण्याचे समाधान त्या जाहीर करण्यातच मिळून जाते, असे माझे मत आहे.)

१९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला, आणि पुढे मराठी लेखकाचे वर्ष या अंकांभोवती फिरू लागले. अंक दिवाळीच्या आधी बाजारात आणायचा म्हणून अनेक संपादक जुलै-ऑगस्टमध्येच मजकूर मागतात. तेव्हा तारखेपासून उलटे मोजावे. चार हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा वरच्या गतीने तीन आठवड्यांत होतो. नंतर एक आठवडा तो उघडूही नये. दोन आठवडे पुनर्लेखनाला, एक आठवडा जाणकार वाचकाला आणि एक आठवडा आजारपण, पाहुणे किंवा कार्यालयातल्या अचानक आलेल्या कामाला द्यावा. असे आठ आठवडे धरले, तर ३१ जुलैला द्यायच्या कथेला जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करावी लागते. मे महिन्यात लग्नसराई आणि मुलांच्या सुट्ट्या असतात, त्यामुळे तेव्हा नुसती टिपणे आणि वाचन योजावे. मे महिन्यात खर्डा पूर्ण करण्याचे बेत सहसा तडीस जात नाहीत.

जाणकार वाचक म्हणजे शास्त्रज्ञच हवा असे नाही. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणारे शिक्षक बहुतेक चुका पकडतात. त्यांना ‘कथा कशी वाटली?’ असे विचारू नये, कारण त्यावर ‘छान आहे’ यापलीकडे उत्तर येत नाही. ‘हे कुठे अशक्य वाटते?’ असे विचारावे आणि शंकांच्या वहीतली संबंधित पाने सोबत द्यावीत. त्यांनी काढलेल्या प्रत्येक हरकतीचे स्पष्टीकरण कथेत कोंबण्याचा मोह आवरावा. चूक दुरुस्त करावी, व्याख्यान लिहू नये.

दिवाळी अंकाची तारीख लांब असेल तर एखादी स्पर्धा गाठावी. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी १९७४ साली जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. तेव्हा ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन करत होते. नाव झाकून पाठवलेल्या कथेला मिळणारा निर्णय ओळखीच्या संपादकाच्या होकारापेक्षा अधिक काही सांगतो, म्हणून नवख्या लेखकाने आणि रुळलेल्यानेही अधूनमधून हा मार्ग धरावा.

कथा पाठवली की पुढच्या आठवड्याच्या नोंदीत एकच काम लिहावे : मुद्रितशोधनासाठी आकड्यांची यादी. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेताना जोडाक्षरे तुटतात हे सर्वांना दिसते, परंतु दशांशचिन्ह गळाले किंवा दहाचा सहावा घात नुसता ‘१०६’ असा छापला गेला, तर ते मुद्रितशोधकाच्या नजरेतून सुटते. त्यामुळे कथेतले सर्व आकडे, एकके आणि तारखा पानावरच्या क्रमाने उतरवून ती यादी संपादकांना कथेसोबतच पाठवावी, आणि शक्य असल्यास घात व लहान अपूर्णांक आधीच अक्षरांत लिहावेत.