जाड सेरिफ फॉन्ट हेडिंगला कसा वापरायचा

पोस्टर, पुस्तकाचं कव्हर, लेबल असं काही करायला घेतलं की जाड जुन्या वळणाचा सेरिफ फॉन्ट (म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोटे फाटे असलेला) घ्यायचा मोह होतोच, आणि घ्यावाच, कारण एवढा भारदस्त तरीही आपुलकीचा चेहरा दुसऱ्या फॉन्टला क्वचितच असतो. फक्त तो थोडाच वापरायचा.

आधी फॉन्ट नीट बघा. क्लॅरेंडन नावाचा असाच एक फॉन्ट उघडा आणि एक शब्द स्क्रीनभर मोठा करा. उभ्या दांडीतून सेरिफ बाहेर पडताना कोपरा नाही, हलकं वळण आहे. जाड आणि बारीक रेषांमध्ये फरक आहे पण फार नाही, आणि इंग्रजी छोट्या ए, सी, आर यांच्या टोकाला गोल थेंब आहेत. हा फॉन्ट 1845 साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे छपाईचे टाइप ओतणाऱ्या कारखान्यात, रॉबर्ट बेस्लीने काढला, डिक्शनरीत साध्या मजकुरात मधेच एखादा शब्द ठळक दिसावा हे त्याचं मोठं काम होतं. म्हणजे आजूबाजूला साधी अक्षरं असतील तरच तो उठून दिसतो, सगळंच जाड केलं तर ठळक काय राहिलं?

मग स्वभाव बघून निवडा. कूपर ब्लॅक, 1922 चा, सगळीकडून गोलसर, त्यामुळे मुलांच्या किंवा खेळकर कामाला छान पण कायद्याच्या पुस्तकाला अजिबात नाही. पोस्टर बोडोनीत जाड रेषा प्रचंड जाड आणि बारीक रेषा केसासारख्या, तो मोठ्या साइझलाच शोभतो. क्लॅरेंडन या दोघांच्या मधला, बोर्डवर, लेबलवर, छोट्या हेडिंगला कुठेही चालतो. माझी पहिली पसंती तोच.

आता हेडिंग लावा. दोन ते पाच शब्द, त्याहून जास्त नको. बी बटण दाबून साध्या फॉन्टला जाड करू नका, त्या फॅमिलीत, म्हणजे त्याच फॉन्टच्या हलक्या-जाड प्रकारांत, खरा बोल्ड (जाड प्रकार) असेल तर तोच निवडा, कारण बोल्ड फाइल नसली की सॉफ्टवेअर नुसती कड फुगवतं आणि ई, ए यांच्या आतली मोकळी जागा बुजते, डिझायनरने मात्र ती जागा हाताने मोजून ठेवलेली असते. मोठ्या साइझला अक्षरांमधलं अंतर किंचित कमी करा, सगळी कॅपिटल असतील तर उलट थोडं वाढवा. दोन ओळींचं हेडिंग असेल तर लाईन स्पेसिंग फॉन्ट साइझच्या 1.1 पट धरून सुरू करा आणि मग डोळ्याने ठरवा.

खालच्या मजकुराला साधा, हलक्या वजनाचा फॉन्ट द्या, सेरिफ असो वा नसो, पण दुसरा जाड नको. शेजारी देवनागरी हेडिंग असेल तर डोळे किलकिले करून लांबून बघा, दोन्हींचा काळेपणा सारखा वाटला पाहिजे, नाहीतर एक भाषा दुसरीवर दादागिरी करते.

शेवटी खऱ्या साइझची प्रिंट काढून बघा, स्क्रीनवर विसंबू नका. काळ्यावर पांढरी अक्षरं असतील तर जास्तच, कारण शाई आजूबाजूने पसरते आणि बारीक रेषा गिळून टाकते. तसं झालं तर पोस्टर बोडोनी सोडा आणि क्लॅरेंडन लावा.