मीटर पीप वाजला, तरीही

तारेच्या दोन टोकांना मल्टीमीटर (व्होल्ट, करंट, रोध मोजणारं यंत्र) लावला आणि पीप वाजला की तार शाबूत, असं मी दीड वर्ष धरून चाललो होतो. जुन्या गाड्यांचं वायरिंग शिकायला येणारी पोरं अजूनही तेच धरून चालतात. म्हणून बाकी सगळं थोडक्यात उरकतो आणि या एकाच गोष्टीवर जरा जास्त बोलतो. तार सोलणं, थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोपण) दाबणं तुम्हाला येतच असेल.

वेंगुर्ल्याला मेस्त्रींच्या हाताखाली होतो. १९७८ची मार्क थ्री अॅम्बॅसॅडर आली. तक्रार एकच, हेडलाइट पिवळे पडतात. मालकांनी जुने बल्ब काढून ६० वॅटचे हॅलोजन बसवले होते, तरी उजेड समईएवढाच. ग्रिलच्या मागे बुलेट कनेक्टर होते, काळ्या रबरी नळीत दोन बाजूंनी घुसणारी पितळी टोकं. त्यातलं एक ओढलं तर हातात नुसता हिरवा भुगा आला. मी बुलेट कापली, तार सोलली. तांबं जरा काळपट दिसलं, ते पॉलिश पेपरने घासलं, नवी बुलेट दाबली आणि मीटर लावला. पीप! गाडी दिली.

आठ दिवसांनी रात्री पावसात आंबोली घाट उतरताना दोन्ही दिवे गेले. मालक एका ट्रकच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून कसेबसे सावंतवाडीला पोचले. त्यांचा तो फोन आठवला की अजून पोटात गोळा येतो.

मेस्त्री ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "झिला, मीटर वाजलो म्हणान कित्याक नाचतस? दिवो लाव, मगे मोज."

आता नीट समजून घ्या. पीप वाजवायला मीटर तारेतून अगदी नगण्य करंट सोडतो. तारेतला एकच धागा धड असला तरी तो वाजतो. पण ६० वॅटचे दोन बल्ब मिळून १० अँपिअर ओढतात. त्या सांध्यात नुसता ०.२ ओहम रोध असला तरी तिथे साधारण २ व्होल्ट जातात. एवढा रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींतही असतो, त्यामुळे पीपवरून तो कळणंच शक्य नाही. बल्बला १२ऐवजी १० व्होल्ट मिळाले की उजेड जवळजवळ निम्मा होतो. आणि ते हरवलेले २ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे २० वॅटची उष्णता त्या इवल्याशा बुलेटमध्ये. आपलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं! रबर वितळलं यात नवल ते काय.

म्हणून मोजायचं ते दिवे लावून. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी बल्बच्या चालू पिनेवर, होल्डर जोडलेलाच असू द्या. मीटरवर जे दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत सांडले. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी सोडून देतो, त्यावर एकेक सांधा मोजत मागे जातो.

आणि ते काळं तांबं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तशी इथली तार कळकते. खारा दमट ओलावा उघड्या टोकातून धाग्यांच्या मधून आत चढतो, वातीत तेल चढावं तसा. वरचं आवरण नव्यासारखं दिसतं. पॉलिश पेपरने बाहेरचे धागे चमकतात, आतले काळेच राहतात. मला तार वीतभर मागे कापावी लागली तेव्हा कुठे लाल तांबं दिसलं. तेवढाच नवा तुकडा जोडा. मिळाली तर बोटींना वापरतात ती कल्हई केलेली तार घ्या. घराच्या वायरिंगची मोजक्या जाड धाग्यांची तार गाडीत घालू नका, हादऱ्यांनी तुटते.

घाबरू नका, तारा दिसतात तितक्या गुंतलेल्या नसतात. या गाडीत रंगांची जुनी लुकास पद्धत आहे: काळी अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट), निळी-पांढरी हाय बीम, निळी-लाल डिपर, तपकिरी कायम चालू. रंग उडाले असतील तर टेप सोडवून आतला भाग ओल्या फडक्याने पुसा. तपकिरीमुळेच आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. हे विसरलात तर पाना लाल होईल आणि तुम्ही पांढरे.

सोल्डरबद्दल माझं मत कडवट आहे. सोल्डर जिथवर चढतो तिथे तार कडक होते आणि नेमकी त्या कडेला मोडते. चांगल्या पकडीने दाबलेली थिंबल, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आक्रसून घट्ट बसणारी नळी), बस्स. सांध्यावर सिलिकॉन भरायला सांगणारे भेटतील. ज्याला व्हिनेगरचा वास येतो तो सिलिकॉन तांबं खातो. पाणी उडवणारा स्प्रे मारून दिवा लागला तर ती दुरुस्ती नव्हे, मुदतवाढ. आणि मीटर हातात न देणारा मेस्त्री कितीही हुशार असो, त्याच्याकडे फार दिवस काढू नका.

त्या गाडीला मी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला, नवे तुकडे घातले आणि चालू बाजूला ०.३ व्होल्ट आले. तरी डावा दिवा मंदच. तासभर चडफडल्यावर सुचलं, मी अर्थ मोजलाच नव्हता! बल्बच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत १.४ व्होल्ट. बोल्टखाली गंज होता आणि त्यावर कुणीतरी हौसेने रंग दिला होता. पत्रा चकचकीत खरवडला, बोल्ट आवळला, वर पेट्रोलियम जेली फासली.

मेस्त्रींनी दिवे पाहिले, मान हलवली आणि डिकीकडे बोट दाखवलं. मागच्या दिव्यांच्या बुलेट मी ओढूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या.