बेरीज शून्य आली तेव्हा वर्ग जागा झाला

सुरुवातीला मी एक्सेल मेनूच्या क्रमाने शिकवायचे. मुलं तासाला सगळं करून दाखवायची, पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. मग मेनू बाजूला ठेवला आणि एकच काम दिलं: महिन्याभरात वर्गाने किती पानं वाचली त्याचा तक्ता करा.

पहिल्याच दिवशी बेरीज शून्य! कारण मुलांनी सेलमध्ये, म्हणजे तक्त्याच्या चौकटीत, ‘४० पाने’ असं लिहिलं होतं. अक्षरं आली की एक्सेल तो मजकूर धरतं, आकड्यांसारखं उजवीकडे न लावता डावीकडे लावतं आणि बेरीज करणारा सम (SUM) फॉर्म्युला तो सोडून देतो. मी उत्तर सांगितलं नाही. आकडे डावीकडे का चिकटलेत, एवढंच विचारलं. एका मुलीने ‘पाने’ हा शब्द वर शीर्षकात नेला आणि बेरीज आली.

पुढे प्रत्येकाचा टक्का काढताना फॉर्म्युला खाली ओढला, तर शून्याने भागल्याची चूक. एकूण बेरजेच्या सेलचा पत्ताही खाली रिकाम्या सेलवर सरकत होता ना! तिथे पत्ता जागीच ठेवणारं डॉलर चिन्ह शिकवलं, आणि ते आजवर कुणी विसरलेलं नाही.

वर्डमधला अहवाल दोन तासांत उरकला. आलेख मात्र मी घाईने घेतला, त्याला अजून एक तास द्यायला हवा होता.