एकाच नायकाच्या तीन नोंदी

पुस्तके, संगणकीय खेळ आणि मालिका अशा तिन्ही ठिकाणी वावरणाऱ्या नायकाची माहिती जमवताना प्रत्येक विधानापुढे ते कोणत्या माध्यमातले आहे, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावे. नंतर आठवून लिहू म्हटले, की घोळ झालाच. पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांचा राक्षसशिकारी गेराल्ट १९८६ साली ‘फान्तास्तिका’ मासिकातील कथेत अवतरला, २००७ मध्ये संगणकीय खेळात आणि २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. (त्याआधी, २००१-०२ मध्ये, पोलंडमध्ये त्याच्यावर चित्रपट आणि मालिकाही निघाली होती, ही नोंद हमखास राहून जाते.) खेळांचे कथानक पुस्तकांच्या शेवटानंतर सुरू होत असल्यामुळे पहिल्या खेळातील त्याचा स्मृतिभ्रंश मूळ चरित्रात घुसडणे ही सरळसरळ चूक ठरते. बारीक तपशीलही ताडून पाहावेत: खेळांत पोलादाची आणि चांदीची अशा दोन्ही तलवारी त्याच्या पाठीवर दिसतात, तर पुस्तकांत चांदीची तलवार बहुधा गुंडाळून घोडीच्या खोगिराला बांधलेली असते. ‘रोच’ हे नावही एकाच घोडीचे नव्हे, तो प्रत्येक नव्या घोडीला तेच ठेवतो. कलाकाराच्या रकान्यात हंगाम अवश्य नोंदवावा, कारण नेटफ्लिक्सवर पहिले तीन हंगाम हेन्री कॅव्हिल आणि चौथ्यात लिअम हेम्सवर्थ गेराल्ट झाला आहे.