रुग्णाला घरी पाठवण्याआधी: परिचारिकांसाठी
डिस्चार्जचा कागद हातात पडल्यावर समजवायला बसू नका. तेव्हा नातेवाइकांचे सगळे लक्ष गाडीकडे असते. आदल्या दिवशीच सुरुवात करा, आणि घरी जो औषधे देणार त्यालाच बोलवा.

घरून आणलेली औषधांची पिशवी खाटेवर रिकामी करा, नव्या चिठ्ठीशी एकेक पाकीट ताडून पाहा. रक्तदाबाचे एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी निघते; घरी दोन्ही गोळ्या घेतल्या जातात आणि रक्तदाब कोसळतो. डॉक्टरांनी बंद केलेल्या औषधांची पाकिटे वेगळी बांधा. इन्सुलिनचा डोस घरी देणाऱ्याच्याच हातून भरून घ्या. ‘समजले ना?’ विचारले की सगळेच मान डोलावतात.

हृदय अशक्त असेल तर ‘मीठ कमी’ एवढे पुरत नाही. खारा बांगडा, सुके सुंगट (सुकी कोळंबी), लोणचे अशी नावे घ्या. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी वजन करायचे. तीन दिवसांत 2 किलो वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. आडवे पडल्यावर दम लागला तर वाट न पाहता 108 रुग्णवाहिका बोलवायची.

सत्तरी-काणकोणसारख्या गोव्यातल्या दूरच्या तालुक्यांतून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेज इस्पितळात आलेल्यांचे ड्रेसिंग गावाजवळच्या आरोग्य केंद्रात होईल का, हे फोन करून आधीच ठरवा.