अमेरिकेतल्या जर्मन शेतकरी पूर्वजाचं मूळ गाव कसं शोधावं

आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, विस्कॉन्सिन या राज्यांतल्या शेतकरी घराण्यांत चार-पाच पिढ्या मागे गेलं की बरेचदा एखादा जर्मन शेतकरी भेटतो. मुलगी तिकडे दिलेल्या किंवा तिकडची सून आलेल्या मराठी घरांतही हल्ली हा विषय निघतो. नातवंडांच्या एका बाजूची कुळकथा आपल्याला तोंडपाठ असते, दुसऱ्या बाजूबद्दल 'जर्मनीहून आले होते' यापलीकडे काही ठाऊक नसतं. शोध कुठून सुरू करायचा, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. तुम्हाला शोधायचंय ते गावाचं नाव. १८७१ पूर्वी जर्मनी असा एक देशच नव्हता. प्रशिया, बव्हेरिया, हॅनोव्हर, मेक्लेनबुर्ग अशी वेगवेगळी राज्यं होती आणि जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गावोगावच्या चर्चच्या वह्यांत होत्या. गाव माहीत नसताना जर्मन संकेतस्थळांवर 'योहान म्युलर' शोधत बसू नका, असे योहान ढिगाने सापडतात. आणि गावाचं नाव बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कागदांत मिळतं.

१. घरातले कागद

घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म-लग्नं लिहून ठेवायची पद्धत होती. ते बायबल कुणाकडे आहे ते विचारा. जुनी पत्रं, अंत्यविधीची कार्डं, फोटोच्या मागचा शिक्का, सगळं मोबाइलवर टिपून घ्या. कबरीवरचा दगड जर्मन भाषेत असेल तर त्यावर जन्मगाव कोरलेलं असण्याची शक्यता असते. फक्त आपल्या पणजोबांचे कागद पाहून थांबू नका. त्यांच्या भावंडांपैकी एखादीच्या मृत्युलेखात गाव छापलेलं असतं आणि बाकी कुणाच्याच नसतं, असं सर्रास घडतं.

२. जनगणना, उलट्या क्रमाने

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. तिथून मागे या. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर हे फुकट पाहता येतं. सगळ्यांत कामाची १९०० ची: जन्माचा महिना आणि वर्ष, अमेरिकेत आल्याचं वर्ष, नागरिकत्व मिळालं की नाही, बाईला किती मुलं झाली आणि त्यांतली किती हयात, हे सगळं तिच्यात आहे. १८९० ची शोधू नका, तिची जवळजवळ सगळी पानं वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीनंतर गेली. काही राज्यांनी स्वतःची जनगणनाही केली. आयोवाच्या १९२५ च्या जनगणनेत तर आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा आहे.

जन्मस्थान म्हणून एकदा 'प्रशिया', एकदा 'हॅनोव्हर' दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही टिपून ठेवा. हॅनोव्हर १८६६ मध्ये प्रशियाने गिळलं, त्यामुळे दोन्ही खरं असू शकतं. 'रशिया' दिसलं आणि भाषा जर्मन असेल, तर ही मंडळी व्होल्गाकाठी किंवा काळ्या समुद्राकडे वसलेल्या जर्मनांपैकी असतील. १८७० च्या दशकात सक्तीच्या सैन्यभरतीचं संकट आल्यावर त्यांच्यातले पुष्कळजण कॅन्सस, नेब्रास्का, डकोटाकडे निघाले.

३. नावाची गुंतागुंत

'एलिस आयलंडवर (न्यूयॉर्क बंदरातलं, जहाजाने आलेल्या स्थलांतरितांच्या तपासणीचं ठाणं) साहेबांनी आमचं आडनाव बदललं' ही कथा जवळपास प्रत्येक घरात ऐकू येते. एकतर एलिस आयलंड १८९२ मध्ये सुरू झालं आणि जर्मन शेतकऱ्यांचा मोठा लोंढा त्याआधीच येऊन गेला होता. शिवाय तिथले अधिकारी जहाजावरून आलेली यादी पडताळत, नवी नावं देत बसत नसत. म्युलरचे मिलर आणि श्मिटचे स्मिथ झाले ते नंतर, शेजारीपाजारी, शाळा, बँक यांच्या सोयीने. आयझेनहाउअर घराणं १७४१ मध्ये पेनसिल्व्हेनियात आलं आणि त्याचं आयझेनहॉवर झालं, तेही असंच.

बाप्तिस्म्याच्या नावांचाही घोळ असतो. एका घरातले तिन्ही मुलगे 'योहान' असू शकतात, हाक मारायचं नाव पुढचं. योहान हाइनरिश अमेरिकेत हेन्री होतो.

वेस्टफालिया आणि आसपासच्या भागात आणखी एक प्रकार होता. तिथे शेतवाडीला स्वतःचं नाव असे, आणि घरजावई म्हणून गेलेला माणूस त्या वाडीचं आडनाव लावी. मुलं अर्थातच तेच आडनाव लावत. बापाचं जन्माचं आडनाव वेगळं दिसलं म्हणून नोंद चुकीची समजू नका.

४. जमिनीचे कागद

माझ्या मते शेतकऱ्याचा माग काढायला यासारखं साधन नाही, आणि लोक नेमकं हेच वगळतात. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षं राहून कसल्यावर जवळजवळ फुकट मिळे. अट अशी की माणूस नागरिक असावा किंवा त्याने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला असावा. सरकारी जमिनींचं खातं असलेल्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की मालकीचा दाखला मोफत दिसतो. तिथेच थांबू नका. दाखल्यावरचा जमिनीचा तपशील उतरवून घ्या आणि त्यावरून नॅशनल अर्काइव्ह्जकडून (अमेरिकेचा राष्ट्रीय दफ्तरखाना) पूर्ण फाइल मागवा. घर केवढं, विहीर आहे का, किती एकर नांगरली, घरात माणसं किती, असं सगळं तिच्यात असतं. शेजारच्या साक्षीदारांचे जबाब असतात, अनेकदा नागरिकत्वाच्या कागदाची नक्कलही.

होमस्टेड सगळ्यांनाच मिळालं नाही. रेल्वे कंपनीकडून किंवा आधीच्या शेतकऱ्याकडून जमीन घेतली असेल तर काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) कार्यालयात खरेदीखतं पाहा. जमीन विकताना बायकोचीही सही लागे, त्यामुळे तिचं नाव तिथे सापडतं. टेक्सासमध्ये सरकारी जमीन राज्याचीच होती, तिथे होमस्टेडच्या फाइली शोधण्यात अर्थ नाही.

१८५० ते १८८० च्या शेती जनगणनेत शेतांची एकर, गाई, मका, गहू, घरी काढलेलं लोणी यांची मोजदाद आहे. यातून माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. वेंडेलिन ग्रिमचंच घ्या. बाडेनमधल्या क्युल्सहाइमचा हा शेतकरी १८५७ मध्ये मिनेसोटाच्या कार्व्हर काउंटीत आला तो वीस पौंडांच्या आत लसूणघासाचं बी घेऊन. तिथल्या हिवाळ्यात बरीच रोपं मरत. जी तगत त्यांचं बी तो पुन्हा पेरी. अशा वर्षानुवर्षांच्या निवडीतून थंडीला टिकणारा 'ग्रिम' वाण तयार झाला. तुमच्या पूर्वजाचं नाव वाणाला मिळालेलं नसेल, पण त्याने काय पेरलं हे त्याच्या जन्मतारखेपेक्षा जास्त बोलतं.

५. नागरिकत्व आणि जहाज

१९०६ पूर्वीच्या नागरिकत्वाच्या कागदांत गाव क्वचितच असतं. पण कुठल्या राजाची निष्ठा सोडली ते असतं, आणि तेवढ्यावरून राज्य कळतं. हॅम्बुर्गहून निघालेल्यांच्या याद्या १८५० पासून शाबूत आहेत आणि त्यांत राहण्याचं गाव असतं. ब्रेमेनच्या जुन्या याद्या मात्र उरल्या नाहीत.

६. अडलं तर शेजारी पाहा

एकजण गेला की त्याच्यामागून भाऊ, मेहुणे, गाववाले जात आणि शेजारी-शेजारी जमिनी घेत. जनगणनेच्या पानावर वरखालची दहा-दहा घरं पाहा. बाप्तिस्म्याचे साक्षीदार, होमस्टेडचे साक्षीदार, कबरस्तानातले शेजारी, सगळ्यांची यादी करा. त्यांच्यापैकी एकाचं गाव सापडलं की पुष्कळदा आपलंही तेच निघतं.

मग स्थानिक ल्युथरन किंवा कॅथलिक चर्चची वही मागा. पाद्री स्वतः जर्मन असल्याने गावाचं नाव तो नीट लिही. पहिल्या महायुद्धापर्यंत या वह्या बऱ्याच ठिकाणी जर्मनमध्येच होत्या. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नर हार्डिंग यांनी सार्वजनिक ठिकाणी, फोनवर, अगदी चर्चमध्येसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला बंदी घातली. आजी-आजोबा मुळाबद्दल का बोलत नसत, याचं उत्तर पुष्कळ घरांत इथेच सापडतं.

७. आता जर्मनीत

गावाचं नाव मायरच्या १९१२ च्या स्थळकोशात तपासा, तो इंटरनेटवर आहे. त्या नावाची अनेक गावं निघतील. राज्य आणि शेजाऱ्यांची गावं यांवरून योग्य ते ठरवा. त्या गावाचं चर्च कुठे होतं तेही तिथे कळतं. कॅथलिक वह्यांसाठी मॅट्रिक्युला हे मोफत संकेतस्थळ, प्रोटेस्टंट वह्यांसाठी आर्कियोन, त्याला वर्गणी पडते. सरकारी नोंदणी साऱ्या जर्मन साम्राज्यात १८७६ पासूनच आहे. लिपी कुरेंट, म्हणजे हाताने लिहायची जुनी जर्मन लिपी, पहिल्यांदा नुसत्या तिरप्या रेघोट्या वाटतील. अक्षरांचा तक्ता छापून शेजारी ठेवा. नोंदींचा साचा ठरलेला असल्याने तेच तेच शब्द येतात आणि नजर बसते.

बाप्तिस्म्याची नोंद सापडली की लगेच वंशवृक्षात चढवू नका. त्याच वहीत पुढच्या काही वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी चाळा. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची रीत होती, त्यामुळे तुम्हाला सापडलेला योहान कदाचित दीड वर्षाचा असतानाच गेलेला असेल आणि तुमचा पूर्वज त्याच्या पाठचा असेल.